बारावीत मुलींची बाजी, मग मेकॅनिकलच्या वर्गात त्या दिसत का नाहीत?

दरवर्षी मे महिन्यात एक मथळा ठरलेला असतो: ‘यंदाही मुलींचीच बाजी’. उपसंपादकाला तो नव्याने टाइपही करावा लागत नसावा. २०२४ मध्ये राज्य मंडळाच्या बारावीला ९५.४४ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या आणि ९१.६० टक्के मुलगे. २०२५ मध्ये दोघांचेही आकडे खाली आले, पण अंतर वाढलं: मुली ९४.५८, मुलगे ८९.५१. पेढे भरवतानाचे फोटो छापून येतात आणि आठवड्याभरात विषय संपतो.

पावसाळ्यात कॉलेजं सुरू झाल्यावर एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मेकॅनिकलच्या वर्गात डोकावून बघा. साठेक मुलं, आणि पुढच्या बाकावर एकमेकींना धरून बसलेल्या चार मुली. त्याच शहरातल्या नर्सिंग कॉलेजात बरोबर उलटं चित्र. तिथल्या चार मुलग्यांना पुढे आयुष्यभर ‘ब्रदर’ म्हणून हाक मारली जाणार असते.

मग बाजी मारलेल्या मुली गेल्या कुठे? बहुतेक जणी शिकतच असतात, हे आधी सांगायला हवं. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात ४.३३ कोटी विद्यार्थी कॉलेज-विद्यापीठांत होते आणि त्यांत २.०७ कोटी मुली होत्या. म्हणजे जवळपास निम्म्या. मुलगी कॉलेजात जाणार की नाही, हा प्रश्न देशपातळीवर तरी बराचसा मागे पडलाय. ती काय शिकणार, तिथे मात्र वाटा फुटतात, आणि त्या कशा फुटतात हे समजून घेणं वाटतं तितकं सोपं नाही.

सोपं उत्तर सगळ्यांकडे असतं. मुलींना विज्ञान झेपत नाही, त्यांचा ओढा आर्ट्सकडे. हे उत्तर आपल्याकडे पहिल्याच आकड्याला पडतं. त्याच सर्वेक्षणात विज्ञान शाखेत शिकणारे ५७.२ लाख होते, त्यांतल्या मुली २९.८ लाख. निम्म्याहून जास्त! आर्ट्समध्ये मुली थोड्या जास्त आहेत, कॉमर्समध्ये जवळजवळ बरोबरी आहे. मोठी दरी पडते ती इंजिनिअरिंगमध्ये. तिथे मुली सुमारे ३० टक्के. त्याच्याही आत शिरलं तर कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये मुलींची संख्या बऱ्यापैकी असते आणि मेकॅनिकलमध्ये शंभरात दहाही नसतात.

म्हणून जागतिक बँकेच्या आकड्यांचा हवाला देऊन ‘भारतात विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांत ४३ टक्के महिला, अमेरिकेत ३४ आणि जर्मनीत २७’ असं कोणी अभिमानाने सांगितलं, की मी थोडा सावध होतो. आकडा खोटा नाही. पण त्या ४३ टक्क्यांत बीएस्सीचा वाटा फार मोठा आहे, आणि बीएस्सी तालुक्याच्या कॉलेजात होते, कमी फीमध्ये होते, दुपारी घरी परत येऊन होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा एक आकडा यापेक्षा बोलका वाटतो. २०२३ च्या ‘नीट’साठी सुमारे २०.८७ लाख मुलांनी नोंदणी केली होती, त्यांत ११.८४ लाख मुली होत्या. इंजिनिअरिंगच्या ‘जेईई मेन’ला बसणाऱ्यांत मुली साधारण एक तृतीयांश असतात. म्हणजे अकरावीला एकाच वर्गात फिजिक्स-केमिस्ट्री शिकणाऱ्या मुलांची विभागणी पीसीएम (गणित घेऊन) आणि पीसीबी (जीवशास्त्र घेऊन) या फाट्यावर होते. ‘मी मॅथ्स ड्रॉप केलं’ हे वाक्य कानावर येतं ते इथेच. पदवीचा फॉर्म दोन वर्षांनी भरायचा असला, तरी निम्मा निर्णय त्या दिवशीच झालेला असतो. दहावीचा निकाल लागून पंधरा दिवसही झालेले नसतात आणि मुलगी पंधरा-सोळा वर्षांची असते.

मग गणिताचं काय? मुलींचं गणित कच्चं असतं का? जगभरच्या परीक्षांमध्ये मुलगे आणि मुली यांच्या सरासरी गुणांतला फरक लहान असतो, काही देशांत तो उलटाही असतो. पण इथे संशोधकांनी एक गंमत दाखवून दिली आहे. समजा, एका मुलीला गणितात ८८ आणि मराठीत ९५ गुण आहेत. तिच्या शेजारच्या मुलाला गणितात ८८च, पण मराठीत ७४. गणितात दोघं अगदी बरोबरीला. तरी मुलाला वाटतं, गणित हा माझा विषय. मुलीला वाटतं, माझी भाषा चांगली आहे. माणूस स्वतःला वर्गातल्या इतरांशी जोखतो, तसंच स्वतःच्याच दुसऱ्या विषयांशीही जोखतो. मुलींचं वाचन-लेखन सरासरीने मुलग्यांपेक्षा बरंच सरस असतं, आणि त्या सरसपणामुळेच गणित त्यांना आपलं दुबळं अंग वाटू लागतं. गणित चांगलं असूनही ते सोडणाऱ्या मुलींचं कोडं यातून बरंचसं उलगडतं.

त्यात शिक्षकाची भर पडते. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत कोणत्या विद्यार्थ्याला कोणता प्राध्यापक मिळणार, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, स्वतःला निवडता येत नाही. त्यामुळे संशोधकांना आयताच प्रयोग मिळाला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं, की पहिल्या वर्षी गणित-विज्ञानाला बाई शिकवायला असल्या की विद्यार्थिनींचे गुण वाढतात आणि पुढे त्याच विषयात पदवी घेण्याची शक्यताही वाढते. गणितात हुशार असलेल्या मुलींमध्ये तर मुलग्यांशी असलेलं अंतर जवळपास मिटतं. मुलग्यांवर मात्र शिक्षक कोण आहे याचा फारसा परिणाम होत नाही. आपल्या शाळांमध्ये गणिताच्या बाई दुर्मीळ नाहीत, पण इंजिनिअरिंगच्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभ्या राहून शिकवणाऱ्या बाई तुम्ही किती पाहिल्यात?

आणखी एक मुद्दा स्पर्धेचा. मुली स्पर्धा टाळतात, म्हणून जेईईसारख्या जीवघेण्या परीक्षेपासून लांब राहतात, असं म्हटलं जातं. पाश्चात्त्य देशांतल्या प्रयोगांत असा कल खरोखर दिसतो. पण तो जन्मजात आहे का, हे तपासायला काही अर्थशास्त्रज्ञ थेट मेघालयात गेले. तिथल्या खासी समाजात मालमत्ता आईकडून धाकट्या लेकीकडे जाते आणि घर तिच्या नावावर चालतं. तुलनेसाठी त्यांनी टांझानियातला मसाई हा पक्का पुरुषप्रधान समाज घेतला. खेळ अगदी साधा: तीन मीटरवर बादली ठेवायची आणि त्यात दहा वेळा चेंडू टाकायचा. पैसे दोन प्रकारे मिळणार. एक तर प्रत्येक नेमाचे ठरलेले पैसे घ्या, नाहीतर समोरच्या अनोळखी खेळाडूशी पैज लावा. जिंकलात तर तिप्पट, हरलात तर काहीच नाही. मसाईंमध्ये निम्म्या पुरुषांनी पैज घेतली, बायकांपैकी २६ टक्क्यांनी. खासींमध्ये ५४ टक्के बायकांनी पैज घेतली आणि पुरुषांपैकी फक्त ३९ टक्क्यांनी. एका प्रयोगाने जग सिद्ध होत नाही, हे मान्य. पण ‘बायकांचा स्वभावच तसा’ असं म्हणणाऱ्याला खासी बायकांचं काय करायचं, याचं उत्तर द्यावं लागतं.

(परीक्षेची रचनाही निर्दोष नसते. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात असतील तर खात्री नसलेले प्रश्न मुली जास्त सोडून देतात आणि मुलगे अंदाजपंचे ठोकून देतात, असं काही प्रयोगांत दिसलंय. जेईईत उणे गुण आहेत. आपल्या एमएचटी-सीईटीत नाहीत.)

आता आवडीकडे येऊ, कारण हा मुद्दा झटकून टाकणं अप्रामाणिकपणाचं होईल. पाच लाखांच्या आसपास लोकांच्या कल-चाचण्या एकत्र करून २००९ मध्ये झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात असं दिसलं, की पुरुषांचा ओढा सरासरीने वस्तू आणि यंत्रांसोबतच्या कामाकडे असतो, स्त्रियांचा माणसांसोबतच्या कामाकडे. फरक लहान नव्हता. मानसशास्त्रात असे ठळक फरक क्वचितच सापडतात. ‘नीट’ आणि ‘जेईई’ची विभागणी याच्याशी जुळतेही: डॉक्टरकी म्हणजे माणसं, मेकॅनिकल म्हणजे यंत्रं. त्यामुळे उद्या सगळे अडथळे हटले तरी प्रत्येक वर्गात नेमक्या ५० टक्के मुली दिसतील, असं मला वाटत नाही आणि तसं दिसायलाच हवं असा माझा हट्टही नाही.

तरी आवड ही दगडावरची रेघ नसते. कॉम्प्युटरचं उदाहरण घ्या. अमेरिकेत १९८४ च्या सुमारास कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीधरांमध्ये सुमारे ३७ टक्के मुली होत्या. पुढच्या तीसेक वर्षांत हे प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास आलं. तेवढ्या काळात मेंदू बदलत नाही. बदलला तो कॉम्प्युटर: घरात आला, खेळणं म्हणून विकला गेला, जाहिरातींत त्याच्यापुढे मुलगा बसलेला दिसू लागला आणि मुलगे कॉलेजला येण्याआधीच तासन्तास त्यावर घालवून येऊ लागले. आपल्याकडे त्याच काळात उलट घडलं. घरी कॉम्प्युटर कोणाच्याच नव्हता, त्यामुळे पहिल्या दिवशी मुलगा-मुलगी दोघंही सारखेच कोरे. शिवाय काम एसीत, बसून, कपडे न मळवता, दिवसाउजेडी करायचं. भारतातल्या विद्यार्थिनींशी बोलून रोली वर्मा या समाजशास्त्रज्ञ बाईंनी हेच नोंदवलं होतं, की कॉम्प्युटर हे त्यांना बायकांना साजेसं, सुरक्षित, चार भिंतींतलं काम वाटतं. एकच विषय आहे. एका देशात तो ‘पोरांचा’ झाला, दुसऱ्यात ‘मुलींना चालण्यासारखा’.

२०१८ मध्ये स्टूट आणि गिअरी या दोन संशोधकांनी एक चमत्कारिक निष्कर्ष मांडला होता: ज्या देशांत स्त्री-पुरुष समानता जास्त, तिथे विज्ञान-तंत्रज्ञान निवडणाऱ्या मुली कमी. फिनलंड-नॉर्वेत कमी, अल्जीरिया-ट्युनिशियात जास्त. यावरून ‘मोकळीक दिली की मुली आपणहून यंत्रांपासून दूर जातात’ असे लेख धडाधड आले. नंतर इतर संशोधकांनी तेच गणित करून पाहिलं तेव्हा आकडे जुळेनात. मूळ लेखकांना दुरुस्ती द्यावी लागली आणि समानता मोजायचं माप बदललं की हा संबंध विरतो, हेही पुढे आलं. वाद संपलेला नाही. माझ्यापुरतं मी एवढंच घेतो, की जिथे पोटाची चिंता मोठी असते तिथे नोकरीची खात्री देणारा विषय निवडला जातो आणि जिथे ती कमी असते तिथे आवडीला जागा मिळते. पण ती आवडही कुठूनतरी आलेली असते.

आपल्याकडे ती कुठून आली, हे पाहायला थोडं मागे जावं लागेल. डॉक्टरकी हा मुलींचा ‘साजेसा’ पेशा कसा झाला? १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी पेनसिल्व्हेनियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. त्याच वर्षी मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झालं, बायका आणि मुलांसाठी. रुग्ण बायका पुरुष डॉक्टरला हात लावू देत नव्हत्या, म्हणून स्त्री डॉक्टरची गरज समाजालाच होती. थोडक्यात, स्त्री-पुरुष वेगळे ठेवण्याच्या रूढीनेच बाईला एक पेशा मिळवून दिला. नर्स आणि शिक्षिकेचंही तेच. मुलींच्या शाळेत शिकवायला बाईच हवी होती. इंजिनिअरची अशी गरज कोणाला नव्हती. पुलाला किंवा बॉयलरला पडदा पाळायचा नसतो.

शुद्ध विज्ञानाचं दारही सहज उघडलं नाही. मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सीत पहिल्या आलेल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी गेल्या, तेव्हा संचालक होते सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी नकार दिला. बाई हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभराच्या चाचणीवर आणि अपमानास्पद अटींवर प्रवेश मिळाला. सहा वर्षांनी त्या केंब्रिजहून पीएच.डी. घेऊन आल्या. इंजिनिअरिंगमध्ये पहिली वाट मद्रासच्या गिंडी कॉलेजात पडली. ए. ललिता अठराव्या वर्षी विधवा झाल्या होत्या, पदरात तान्ही मुलगी होती. इलेक्ट्रिकल इंजिनिअर होऊन त्या १९४० च्या दशकात बाहेर पडल्या.

आपल्याकडच्या इतिहासातली मला सगळ्यात रोचक वाटणारी गोष्ट मात्र पुण्यातली आहे. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं, तेच आजचं एसएनडीटी. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती पडली होती आणि त्यातून कल्पना सुचली. शिक्षण मातृभाषेतून द्यायचं आणि अभ्यासक्रम बायकांच्या आयुष्याला धरून असायचा: गृहशास्त्र, आरोग्य, बालसंगोपन. मुलींसाठी वेगळे विषय असावेत, हे कर्व्यांचं स्पष्ट मत होतं. त्या काळी, जेव्हा मुलगी शिकणार की नाही हाच वाद होता, तेव्हा यातून हजारोंना दार उघडलं. पण ‘मुलींचे विषय’ ही कप्पेबंदीही त्यासोबत आली. आणि बघा, त्याच कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेने १९९१ मध्ये कर्वेनगरला मुलींसाठी इंजिनिअरिंग कॉलेज काढलं, कमिन्स. ज्या माळावर विधवांसाठी झोपडी उभी राहिली होती त्या परिसरात आता मुली रोबोट बनवून स्पर्धांना नेतात. फक्त मुलींचंच कॉलेज असल्यामुळे तिथे मेकॅनिकलच्या वर्गात पुढच्या बाकावर चौघी आणि मागे सगळी पोरं, हा प्रकारच उद्भवत नाही.

कायद्याचा वाटा तर आपण पार विसरतो. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ६६ नुसार कारखान्यात बाईला सकाळी ६ ते संध्याकाळी ७ याच वेळेत काम देता यायचं. हेतू संरक्षणाचा होता. पण कारखाना तीन पाळ्यांत चालतो, आणि चाकण-रांजणगावच्या एमआयडीसीतला मॅनेजर नवा मेकॅनिकल इंजिनिअर घेताना बघतो, की हा थर्ड शिफ्टला उभा राहणार की नाही. बाईला कायद्यानेच उभं करता येत नसेल तर तो मुलगाच घेणार. हे कॅम्पस इंटरव्ह्यूत दिसलं, की पुढच्या वर्षीच्या मुली आणि त्यांचे आईवडील ते पाहतात आणि कॉम्प्युटर घेतात. १९५२ च्या खाण कायद्याने तर जमिनीखाली बायकांना कामच मना होतं. तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांपुरती ती बंदी २०१९ मध्ये उठली. कारखान्यांतल्या रात्रपाळीलाही अनेक राज्यांनी आता अटींसह परवानगी दिली आहे. पण दोन-तीन पिढ्यांनी जे पाहिलं ते घराघरांत ‘मेकॅनिकल मुलींचं नाही’ या एका वाक्यात साठून राहिलं. ते वाक्य उच्चारणाऱ्या मामांना कलम ६६ ठाऊक नसतं.

आता त्या तालुक्याच्या बीएस्सीकडे परत येऊ. माझं मत असं, की आपल्याकडे मुलीचा विषय बऱ्याचदा किलोमीटरमध्ये ठरतो. दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर गिरिजा बोरकर या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी केलेला अभ्यास इथे फार उपयोगी पडतो. दिल्लीत एकाच विद्यापीठाची कॉलेजं शहरभर पसरलेली आहेत आणि दर्जाने खालीवर आहेत. मार्कांनुसार चांगलं कॉलेज मिळत असतानाही मुली त्याहून बऱ्याच खालचं कॉलेज घेताना दिसल्या, कारण तिथे जायचा रस्ता जास्त सुरक्षित होता. सुरक्षित मार्गासाठी मुली मुलग्यांपेक्षा वर्षाला सुमारे १८,८०० रुपये जास्त मोजायला तयार होत्या. हे शहरातलं, मेट्रो असलेलं चित्र. आता आपल्या गावाचा विचार करा. तालुक्याच्या कॉलेजला एसटीने पाऊण तास. इंजिनिअरिंग कॉलेज जिल्ह्याच्या ठिकाणी, शहराच्या बाहेर, हायवेपासून आत. प्रॅक्टिकल साडेपाचला संपतं आणि गावात येणारी शेवटची गाडी सहाची. मुलगा मित्राच्या बाइकवर मागे बसून येईल. मुलीचं काय? मग हॉस्टेल. हॉस्टेल म्हणजे पैसे, आणि चर्चा.

पैशांची गोष्ट उघड बोलली जात नाही. लातूर किंवा कोट्याला क्लास लावायचा तर राहणं, मेस, फी धरून शेतकऱ्याच्या वर्षाच्या उत्पन्नाला भोक पडतं. दोन मुलं असतील तर पाठवणार कोणाला? ‘ती तर घरूनही अभ्यास करते, हुशार आहे,’ असं म्हणून मुलाला पाठवलेलं मी पाहिलंय. हुशारीचा दंड तिलाच. त्यात लग्नाचा हिशेब असतो. मुलगी एम.टेक. झाली तर स्थळही तेवढंच शिकलेलं शोधावं लागणार, असं म्हणणारे काका अजून निवृत्त झालेले नाहीत. बी.एड. मात्र दोन्हीकडे चालतं: नोकरी लागली तर उत्तम, नाही लागली तरी बायोडेटात शोभतं.

सरकारी उपायांपैकी काही चांगले लागू पडलेत. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशाच्या, म्हणजे ‘कॅप’च्या फेऱ्यांमध्ये ३० टक्के जागा मुलींसाठी असतात. कटऑफच्या यादीत ‘एल’ने सुरू होणारे कोड दिसतात, त्या या जागा. आयआयटींमध्ये २०१६ च्या सुमारास मुली अवघ्या ८ टक्के होत्या. मग एका समितीच्या शिफारशीवरून २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा तयार करण्यात आल्या: आधी १४ टक्के, मग १७, आणि २०२० पर्यंत २०. मुलग्यांच्या जागा कमी केल्या नव्हत्या, वर भर टाकली होती, हे ‘आमच्या जागा गेल्या’ म्हणणाऱ्यांनी एकदा वाचावं. आज वर्गात पाचांत एक मुलगी दिसते. आणि २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी राज्याने पूर्ण माफ केली. या निर्णयाचा खरा परिणाम कळायला अजून वेळ आहे. फी माफ झाली तरी हॉस्टेल, मेस आणि सहाची एसटी तिथेच राहते.

मुलग्यांबद्दल फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून दोन शब्द. नर्सिंग, गृहविज्ञान, बालवाडी शिक्षण इथे मुलगे जवळजवळ नसतात, आणि ते आणावेत म्हणून कोणी समिती नेमलेली मला ठाऊक नाही. उलट २०१९ मध्ये एम्सने नर्सिंग ऑफिसरच्या ८० टक्के जागा महिलांसाठी ठेवल्या. मराठी साहित्य शिकायचंय म्हणणाऱ्या मुलाला घरी पहिला प्रश्न विचारतात तो पोट कसं भरणार याचा. मग तो ‘बीए करतो, पण एमपीएससीसाठी’ असं सांगून सुटका करून घेतो. बहिणीने बीए केलं तर तिला ही सबब लागत नाही, कारण तिच्या पोटाची सोय दुसऱ्या कोणीतरी करायची असं गृहीत धरलेलं असतं. दोघांनाही आवडीचाच विषय मिळाला, असं वरवर दिसतं.

दर जुलैमध्ये मी ओळखीच्या घरांतल्या मुलामुलींचे कॅपचे ऑप्शन फॉर्म भरायला बसतो. मागच्या खेपेला एका मुलीचे वडील कॉलेजांची यादी स्वतःच वहीत लिहून आले होते, जवळून लांब अशा क्रमाने. मुलीला मिळू शकेल असं सगळ्यात चांगलं कॉलेज त्या यादीत अकरावं होतं. त्यांना नियम माहीत नव्हता. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर ती जागा आपोआप पक्की होते, पुढच्या फेऱ्यांत नाव येत नाही. मुलीच्या मार्कांना एक नंबरचं, घरापासून बारा किलोमीटरवरचं कॉलेज पहिल्या फेरीत नक्की मिळालं असतं आणि अकराव्या नंबरपर्यंत यंत्रणा पोहोचलीच नसती. मी नियम समजावून सांगितला. त्यांनी वही बंद केली, मुलीकडे पाहिलं आणि विचारलं, ‘तिथं हॉस्टेलला जेवण कसं असतं गं?’ तिने ते आधीच शोधून ठेवलं होतं.